झाडलेली जागा

१९ मार्च, बुधवार

कै. सौ. शांताबाई केवळराम पुस्तोडे,

तुझ्या नावापुढे 'कै.' लिहिण्याचा सराव मला अजून झालेला नाही. तथापि नियम तो नियम, आणि मी तो पाळतो. ही दैनंदिनी तुला उद्देशून लिहीत आहे याचे कारण भावुकता नव्हे. ज्याच्याशी एक धड वाक्य बोलावे असा दुसरा मनुष्य येथे नाही, एवढेच.

मी नवेगाव बांधला आलो आहे. तुझ्या माहेरच्या घरी नव्हे. तळ्याच्या पल्याड तुमच्या कापगत्यांचे जे मोहाचे रान आहे, तेथे. तुझ्या भाच्याने, ओमेशने, या रानाचे 'रेडवूड फॉरेस्ट कॅम्प' असे नामकरण केले आहे. फाटकावर तशी पाटी असून तीवर एका गगनचुंबी वृक्षाचे चित्र आहे. तो वृक्ष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धुक्यात वाढतो. येथे मोह, साग, ऐन आणि तेंदू आहेत, आणि धुके म्हणाल तर फक्त फाटकाबाहेर ट्रॅक्टरने उडवलेली धूळ. मी हे ओमेशच्या निदर्शनास आणून दिले.

"फुफाजी," तो म्हणाला, "मोहफूल कॅम्प नाव ठेवलं तर लोक प्यायले येतीन. रेडवूड म्हटलं का फॅमिली येते."

आत्याच्या नवऱ्याला मराठीत 'आतोबा' असा शब्द आहे. तो या मुलाला ठाऊक नाही. याच्या पूर्वजांनी तळी बांधली असे तुम्ही सर्व अभिमानाने सांगता. हा तंबू बांधतो.

येथे येण्याचा निर्णय माझा नाही. तू गेल्यापासून नीतू नागपुराहून सकाळ-संध्याकाळ फोन करून मी जेवलो का, हे विचारते. जेवलो असे सांगितले तर काय जेवलो हे विचारते. "बाबा, चार दिवस ओमेशदादाकडे तरी जा," हे तिने इतक्या वेळा म्हटले की येणे हाच कमी त्रासाचा मार्ग ठरला.

मला चार नंबरचा तंबू मिळाला आहे. तो एका चौथऱ्यावर उभा असून त्याला कापडी भिंती, लाकडी दार आणि दाराला पितळी कुलूप आहे. ज्या भिंती दाढीच्या पात्याने फाडता येतील त्यांच्या दाराला कुलूप लावण्यात कोणते तर्कशास्त्र आहे, हे बत्तीस वर्षे तो विषय शिकवूनही मला सांगता येणार नाही. ओमेशने माझ्या हातात दोन किल्ल्या ठेवल्या. मी एकटा आहे, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "आत्यानं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं जी, चार नंबर आमचा म्हणून. दोघांच्या नावानं लिहून हाय." मी दोन्ही किल्ल्या खिशात ठेवल्या.

तंबू एका मोठ्या मोहाखाली आहे आणि त्याखाली वाळक्या पानांचा घोटा बुडेल एवढा थर होता. पाहुण्यास अशा उकिरड्यात ठेवणे म्हणजे आतिथ्य नव्हे. मी खराटा मागितला. ओमेशचा माणूस "मी करतो ना सर" असे म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. शेवटी मीच झाडले. फांद्यांचा घेर जेथवर जातो तेथवर सर्व झाडले, कारण अर्धवट झाडणे हे न झाडण्याहून वाईट.

काम संपत आले तेव्हा तुझी वहिनी, देवकाबाई, पायवाटेने डोक्यावर भारा घेऊन जात होती. ती थांबली. माझ्याकडे पाहिले, खराट्याकडे पाहिले, झाडाकडे पाहिले. पदर डोळ्यांना लावला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. कापगत्यांकडे शिष्टाचाराचा तुटवडा पूर्वीपासूनच आहे.

२० मार्च, गुरुवार

शेजारच्या तंबूंत रायपूरचे एक मंडळ उतरले आहे. जंगलाची शांतता अनुभवण्यासाठी त्यांनी सोबत ध्वनिवर्धक आणला आहे. त्यांपैकी एका तरुणाने मला विचारले, "अंकल, इसमें रेडवुड कौन सा है?" मी विजेच्या खांबाकडे बोट दाखवले. त्याने त्याचे छायाचित्र घेतले.

दुपारी ओमेश चहा घेऊन आला. तंबूसमोर उभा राहून हात पसरून मला त्याच्या योजना सांगू लागला. या मोहाच्या जागी त्याला लाकडी मचाण बांधायचे आहे. त्याला तो 'डेक' म्हणतो. झाडामुळे तळे दिसत नाही आणि तळे दिसल्याशिवाय लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. तोडण्याची परवानगी त्याने रीतसर काढली आहे.

"मग थांबला कशासाठी आहेस?" मी विचारले.

"बाबा. आत्या होती तवरी हात लावू देला नाही. शांताचं झाड, शांताचं झाड. आता कुठं म्हणतात, पाडव्यापर्यंत पाहू. तिचं झाड कोनी धरलं नाही तर तोड म्हणून."

झाड धरणे म्हणजे काय, हे मी विचारले नाही. ग्रामीण बोलण्यात क्रियापदांचा असा सैल वापर असतो. माझी हरकत नाही, असे मी स्पष्ट सांगितले. एका झाडाहून एक मचाण अधिक उपयुक्त असेल, तर ते बांधावे. तुझे झाड म्हणून त्याला वेगळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही. तुझ्या नावाने इतर कोणतीही गोष्ट चालू ठेवल्याने तू परत आलेली नाहीस.

ओमेश खूश झाला. मग त्याचे लक्ष जमिनीकडे गेले आणि चेहरा उतरला.

"फुफाजी, हे झाडलं कोनं?"

"मी. तुझ्या नोकरांची वाट पाहून."

"कोनी पाहिलं का?"

"तुझ्या आईने."

तो चहाचे कप तेथेच विसरून निघून गेला. या पिढीला एक काम धड पूर्ण करता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

सकाळी दार उघडले तर झाडलेल्या सर्व जमिनीवर मोहाची फुले पडलेली. पिवळट पांढरी, फुगीर, मण्यांसारखी. झाडावर पान नाही. फांद्या उघड्या, आणि खाली हा सडा. बुधवारी झाडले नसते तर निदान पानांत लपली असती. आता एकूण एक दिसते.

आसपासच्या मोहांखाली बायका टोपल्या घेऊन उजाडताच येऊन बसतात. बोलतात, खिदळतात, वेचतात आणि निघून जातात. माझ्या तंबूच्या झाडाखाली मात्र कोणी येत नाही. त्या चक्क वळसा घालून जातात. ऊन चढल्यावर फुले मऊ पडली, माशा आल्या, नंतर वानरे आली. एक वानर माझ्या चौथऱ्यावर बसून खात होते आणि मी पुस्तक वाचत होतो. आम्ही दोघांनीही एकमेकांची दखल घेतली नाही. हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत, कारण रायपूरच्या मंडळाने तेवढे केले नाही.

मी एका बाईला हाक मारून म्हणालो, "अहो, इकडचीही फुले घेऊन जा."

तिने जीभ चावली. "नाई जी, आमी कायले हात लावू?" आणि सर्व जणी हसल्या.

वास दिवसभर होता. गोड, जड, किंचित आंबूस. हा वास मला ओळखीचा आहे. कोठला, ते सांगता येत नाही.

२३ मार्च, रविवार

वासाचे आठवले. त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही.

आज देवकाबाई मुद्दाम आली. चौथऱ्याच्या कडेला बसली, पाय लोंबकळते सोडले आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी झाडलं तं खरं, पन वेचून काऊन नाई राहिले? फूल सडून राहिलं न जी."

मी म्हणालो की मी येथे पाहुणा आहे, मजूर नव्हे.

तेव्हा ती जे बोलली त्याचा सारांश असा. तुमच्या घरात प्रत्येक मोहाला धनी असतो. लेकीला लग्नात रानातले एक झाड देतात. ती दरसाल येऊन त्याची फुले वेचते. ती गेली म्हणजे झाड उघडे पडते. मग फूल पडत आहे तोवर घरातल्या कोणीही त्याखालची जमीन घेरभर झाडावी. ज्याने झाडली त्याचे झाड. बोलायचे काही नसते. झाडले म्हणजे झाले. आणि ज्या झाडाला धनी आहे त्याला कुऱ्हाड लागत नाही.

"म्हणजे मी..."

"तुमी तुमच्या बायकोचं झाड धरलं!" असे म्हणून ती हसू लागली आणि हसता हसता पुन्हा पदर डोळ्यांशी नेला. "मले तं तवाच वाटलं, मास्तर वरून दगड हाय पन..."

पुढचे मी ऐकून घेतले नाही. केराचा निपटारा केल्याने कोणी मालक होत असेल, तर गोंदियातील निम्मे रस्ते सफाई कामगारांच्या नावे असायला हवेत, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "असाव न मंग."

तू दर फाल्गुन-चैत्रात भावाला भेटायला म्हणून येत असस, ते हे होते तर. परतताना एक गाठोडे असे. ते मागच्या व्हरांड्यात ठेवण्याचा दंडक मी घालून दिला होता, कारण दारूचा कच्चा माल सभ्य घरात नको. तू म्हणत असस की याची भाकर होते, लाडू होतात, बाळंतिणीला देतात. नीतूच्या वेळी कोणी दिला होता की नाही, मला कल्पना नाही. व्हरांड्याचा दंडक योग्यच होता. तुझ्या लुगड्यांना तो वास आठवडाभर येत असे. त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही, असे वर लिहिले आहे, ते कायम समजावे.

सायंकाळी यादोराव स्वतः आले. काठी टेकत, मागे ओमेश. तुझा भाऊ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही उभ्यानेच बोलतो आणि दुसऱ्याला बसू देत नाही.

"काय जी मास्तर, झाड धरलं म्हने तुमी?"

ओमेश मध्येच म्हणाला, "बाबा, त्यांनी साफसफाई केली फक्त! त्यांना काही माहीतच नव्हतं. विचारा त्यांना."

"तू चूप रे. रेडवूड." यादोराव त्याला हल्ली याच नावाने हाक मारतात, कापगत्यांच्या घरात विनोदाची म्हणून जी काही परंपरा आहे, ती ही. "शांता म्हनत जाय, आमचे मास्तर चुकूनबी खोटं नाई बोलत. मंग मी आज नाई विचारत. पाडव्याले सारे जमतीन इथं, झाडाखाली. तवा विचारतो. मास्तर जे म्हनतीन ते. धरलं म्हनतीन तं झाड राहीन. नाई म्हनतीन तं झाड उघडं, आन मंग ह्याचं मचान."

मला यात विचार करण्यासारखे काहीच दिसत नाही. मी केवळ स्वच्छतेसाठी झाडले. तेच सांगेन. पाडव्यापर्यंत मात्र मला या वानरांच्या सहवासात राहावे लागणार.

२५ मार्च, मंगळवार

दुर्गंधी असह्य झाल्याने आज फुले वेचली.

हे नीट नोंदवून ठेवतो: हक्क म्हणून नव्हे. कुजणारा कचरा पसरलेला ठेवण्यापेक्षा गोळा केलेला बरा, या सार्वत्रिक तत्त्वावर. ओमेशची प्लास्टिकची बादली घेतली. पंधरा मिनिटांचे काम समजलो होतो. ऊन डोक्यावर आले तरी संपेना. बोटे चिकट झाली आणि पाठ धरली.

पायवाटेवर बायका थांबल्या होत्या. देवकाबाई त्यांत होतीच.

"पाहा वो, पाहा! शांताबाईचा मास्तर मोहफूल वेचून राहिला!"

"बादलीत?"

"कॉलेजात बादलीतच वेचत असतीन."

"ओ मास्तर, झाडाले इंग्रजी येते का? विचारा न त्याले, आनखी टाकते का म्हून!"

मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. बादलीतील फुले ओली राहिल्यास अधिक कुजतील, म्हणून चौथऱ्यावर चादर अंथरून उन्हात पसरली. चादर कॅम्पची आहे. डाग पडल्यास भरून देईन.

एक फूल तोंडात टाकून पाहिले. गोड आहे. विशेष काही नाही.

२६ मार्च, बुधवार

पुन्हा वेचली. वाळत घातलेली फुले तांबूस होऊ लागली आहेत.

विशेष काही नाही, हे काल लिहिलेले वाक्य पुन्हा पडताळून पाहिले. मनुके आणि खजूर यांच्या मधली चव. काल मी घाई केली असावी.

नीतूचा फोन आला. जेवलो, असे सांगितले. काय जेवलो, हे तिने विचारले. मोहाची फुले खाल्ली, हे सांगितले नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'वरण-भात' असेही खरेच होते.

२८ मार्च, शुक्रवार

रायपूरचे मंडळ गेले. गोंदियाचे एक कुटुंब आले. त्यांची मुलगी 'नेचर'वर व्हिडिओ करण्यासाठी मी वाळत घातलेल्या फुलांवरून चालत गेली. मी तिला जे सांगितले त्यानंतर ते कुटुंब दुसऱ्या टोकाच्या तंबूत हलले.

दुपारी ओमेश आला. आज त्याच्या हातात चहा नव्हता. तो चौथऱ्याच्या पायरीवर बसला आणि मुद्द्याचे बोलला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

"फुफाजी, मी काही राक्षस नाही. झाडाचा मला राग नाही. पण मी पुण्याची नोकरी सोडून हे सुरू केलं. एक डेक झाला तर कॅम्प उभा राहते, नाही तर दिवाळीनंतर मी पुन्हा पुण्याला. तुम्ही फक्त खरं सांगा. खोटं बोला नाही म्हणत मी."

मी म्हणालो, "मी खरेच सांगणार आहे. त्यासाठी तुझ्या विनंतीची गरज नाही."

"आत्या असती तर तिनंच हो म्हटलं असतं."

मृत व्यक्ती असती तर काय म्हणाली असती, या विधानाला तर्कात स्थान नाही, हे मी त्याला समजावून सांगितले. तो माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही खुर्ची तिनं सांगितली होती. बाकी टेंटले प्लास्टिकच्या आहेत, पाहिलं का तुम्ही? चार नंबरले हातवाली, लाकडाची. म्हणे, ते बसून वाचतीन आन मले बोलतीन; मी वेचीन. म्हटलं, आत्या, ते येतीन का? म्हणे, विचारलं तं नाई म्हनतीन, म्हून मी विचारनारच नाई. चैत्रात गाडीत बसवून घेऊन येतो, म्हणे."

हे विधान पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नाही.

बाकी तंबूंसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. ते जाऊन पाहिले.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

तुझे वर्ष सरले नसल्याने यादोरावांनी यंदा गुढी उभारली नाही. मंडळी मात्र आली. झाडाखाली सतरंजी टाकली होती. यादोराव, देवकाबाई, ओमेश, आणि तुमच्या भाऊबंदांपैकी चार-सहा जण, ज्यांची नावे मी कधी लक्षात ठेवली नाहीत. सर्वांनी पायताणे झाडलेल्या घेराबाहेर काढून ठेवली. मी बूट घालूनच बसलो होतो. मग मीही काढून ठेवले, कारण एकट्याचेच पाय वेगळे दिसणे बरे नव्हे.

यादोरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मास्तर, सांगा. ह्या झाडाखालची जमीन तुमी झाडली. शांताचं झाड धरायसाठी झाडली का?"

मी उभा राहिलो. पाठांतर केलेले नव्हते, तरी वाक्ये सुसंगत आली. म्हणालो, "नाही. जागा अस्वच्छ होती, म्हणून मी झाडली. झाड धरण्याची प्रथा मला ठाऊक नव्हती, आणि जे ठाऊक नाही त्याचा हेतू असू शकत नाही. मी त्या दिवशी हे झाड धरलेले नाही."

ओमेशने श्वास सोडला तो ऐकू आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. तो मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"मंग झालं," यादोराव म्हणाले. "झाड उघडं हाय. उद्या मानसं बोलाव रे."

माणसे पांगली. देवकाबाई मागे राहिली. सतरंजीची घडी घालता घालता म्हणाली, "खरं बोलले जी तुमी. मले मालूम होतं का खरंच बोलान." मग घडी काखेत मारून, "पन शांताबाईले बरं वाटलं असतं का, एवढं खरं?"

अशा प्रश्नांची रचनाच सदोष असते.

तिने पाठवलेली पुरणपोळी तशीच आहे. भूक नाही. मी सत्य बोललो. यापेक्षा वेगळे बोललो असतो तर तुला माझी ओळख पटली नसती. तूच भावाला सांगून ठेवले होतेस की मी खोटे बोलत नाही. ते का सांगितलेस? दुसरे काही सांगण्यासारखे नव्हते काय?

तंबूचे दार आतून लावले आहे. कापडी भिंतीतून तो वास येतच राहतो.

३१ मार्च, सोमवार

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण गावात त्याची विकृत आवृत्ती पसरली असल्याचे आत्ताच कळले.

उजाडल्यावर दार उघडले. काल मंडळींच्या वावराने आणि वाऱ्याने घेरात पुन्हा पालापाचोळा आला होता, आणि त्यावर रात्रीची फुले. झाडाला शेंड्याकडे तांबडी कोवळी पाने फुटू लागली आहेत; ती मला काल दिसली नव्हती. फाटकाशी करवतवाल्यांची गाडी येऊन लागली होती. ओमेश त्यांना चहा देत होता.

मी खराटा घेतला. आधी फुले वेचून बाजूला केली. मग बुंध्यापासून सुरुवात करून, फांद्यांचा घेर जेथवर जातो तेथवर, सर्व जमीन झाडली.

पायवाटेवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. करवतवाले चहा घेऊन तसेच उभे राहिले. त्यांपैकी एक म्हणाला, "कापाचंच हाय तं झाडून कायले राहिला बुढा?" ओमेश धावत आला.

"फुफाजी, काय करून राहिले?"

"दिसते ते."

कोणी तरी यादोरावांना बोलावून आणले. ते आले, काठी रोवून उभे राहिले. "मास्तर, हे कायले आता? काल तं नाई म्हटलं तुमी."

मी खराटा जमिनीवर ठेवला आणि म्हणालो, "काल आपण मला पहिल्या झाडण्याविषयी विचारले. त्याचे उत्तर मी खरे दिले, आणि त्यात बदल नाही. हे दुसरे झाडणे आहे. त्याविषयी मला अद्याप कोणी विचारलेले नाही."

यादोरावांनी काठी उचलून झाडलेल्या जमिनीकडे रोखली.

"मंग विचारतो. हे काऊन झाडलं?"

"शांताचे झाड धरण्यासाठी."

ओमेश म्हणाला, "बाबा, पाडवा काल झाला! पाडव्यापर्यंत म्हटलं होतं तुम्हीच!"

मी म्हणालो, "काल पाडव्याला यादोरावांनी, सर्वांसमक्ष, झाड उघडे असल्याचे सांगितले. उघडे झाड फूल पडत आहे तोवर घरातल्या कोणालाही झाडून धरता येते. ही प्रथा मला देवकाबाईंनी सांगितली. फूल पडत आहे." आणि पडतही होते. एक माझ्या खांद्यावर पडले; मी ते झटकले नाही, कारण त्याने मुद्दा सिद्ध होत होता.

"घरातल्या!" ओमेश म्हणाला. "जावई कुठून घरातला?"

तेव्हा देवकाबाई पायवाटेवरून आली. टोपली कमरेला, आवाज तळ्याच्या पलीकडे जाईल असा. "काऊन रे? दिवाळीले पायावर पानी घेते तवा जवाई घरातला, आन झाड धरलं का बाहेरचा? तुही बुद्धी कोन्या रेडवूडावर टांगून ठेवली का?"

करवतवाले हसले. यादोराव हसले नाहीत. ते पुढे आले आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "दरसाल या लागते, मास्तर. धरलं म्हंजे एका सालाचं नाई. नाई आले, का झाड पुन्हा उघडं."

"मला ते ठाऊक आहे."

"जिते हाव तवरी."

"माझे वय मलाही ठाऊक आहे."

त्यांनी मान हलवली आणि करवतवाल्यांना हाताने जा म्हणून खूण केली. बस्, एवढेच. पुढे मी देवकाबाईच्या गळ्यात पडून रडलो, असे जे सांगितले जाते, ते धादांत असत्य आहे. मी खराटा उचलण्यासाठी खाली वाकलो असता तिने माझे मनगट धरले आणि काही वेळ सोडले नाही. तोल सावरण्यासाठी मीही सोडवून घेतले नाही.

ओमेश दिवसभर बोलला नाही. सायंकाळी त्याला बोलावून मी सांगितले की तळे झाडाखालून दिसत नसले तरी झाडावरून दिसेल. जाड फांद्यांना खिळा न मारता, दोरांनी मचाण बांधावे, जसे रानडुकरांच्या राखणीला शेतकरी बांधतात. कोणी वर चढले की त्याला फुले वरून दिसतील, खालून वेचणारा मी दिसेन, आणि हवी तेवढी छायाचित्रे घेता येतील.

तो म्हणाला, "तुम्ही दिसाल तर लोक पुन्हा येतीन का?"

या मुलात काही अंशी तर्कशक्ती आहे. तुझ्या बाजूने आली असावी.

१२ एप्रिल, शनिवार

फूल सरले. शेवटच्या दोन सकाळी मूठभरच पडत होते. तरी घेर रोज झाडला. बादलीऐवजी आता देवकाबाईची टोपली वापरतो. या बायकांचे विनोद सुमार आहेत आणि त्याच त्याच विनोदांवर त्या रोज हसतात. काल मी त्यांना सांगितले की झाडाला इंग्रजी येते, पण ते अमेरिकन आहे. अर्धा तास काम थांबले.

वाळलेली फुले गाठोड्यात बांधली आहेत. हे गाठोडे गोंदियाच्या घरी कोठे ठेवायचे, याचा निर्णय घेतला आहे. मागच्या व्हरांड्यात उंदीर येतात. ते आत, स्वयंपाकघरात, तुझ्या डब्यांशेजारी राहील.

ओमेशने मचाणाचे दोर बांधले. गाठी सैल आहेत, पुन्हा बांधायला सांगितल्या. खराटा मी बुंध्याला टेकवून ठेवला असून तो तेथून हलवू नये, असे सर्वांस बजावले आहे. पाटीवरील 'रेडवूड' काढण्यास त्याने नकार दिला. हा मनुष्य सुधारणार नाही.

निघताना तो म्हणाला, "फुफाजी, एक किल्ली राहू द्या तुमच्याजवळ. पुढच्या चैत्रात कामी येईन."

मी नकार दिला. पाहुण्याने किल्ल्या परत कराव्यात हा नियम आहे. मात्र पुढील वर्षी या तंबूच्या पुन्हा दोनच द्याव्यात, एक नव्हे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याने का, असे विचारले नाही.

चार नंबरच्या दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.